नत्थुजींचं बोलकं पुस्तक

"पुस्तक निवडनं बैल निवडन्यापेक्षा सोपं हाय," नत्थुजींनी चहाची बशी खाली ठेवत जाहीर केलं. "पुस्तक लाथ मारत नाई."

त्यांची सून प्रणाली ओट्याशी डबे भरत होती. तिनं मान वर केली नाही. सासरे जाहीर काही बोलू लागले की ऐकून घ्यायचं आणि तव्यावरची पोळी करपू द्यायची नाही, हे तिला लग्नानंतर लवकरच जमलं होतं.

"मामाजी, मी गमतीनं नाही सांगत," ती म्हणाली. "शनिवारी शाळेत वाचायचं आहे. चित्रांचं, यमकाचं पुस्तक पाहिजे. तुम्हीच निवडा, तुम्हीच वाचा. पण पुस्तकात आहे तसं वाचा. मधे आपलं काही घालू नका."

"यमक तू मले शिकवून राह्यली का?" नत्थुजी म्हणाले.

इथं नत्थुजींची बाजू घेणं भाग आहे. बार्शीटाकळीजवळच्या त्यांच्या गावात पोळ्याला झडती म्हणायचा मान वर्षानुवर्षं त्यांचाच होता. ज्यांनी झडती ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दिवशी सगळे बैल सजवून तोरणाखाली रांगेत उभे करतात. मग एक जण कानावर हात ठेवून, यमक जुळवून, कुणाची तरी खोड काढणाऱ्या दोन ओळी खणखणीत आवाजात फेकतो, आणि सगळा गाव एका सुरात "हर बोला हर हर महादेव" म्हणून ती उचलून धरतो. अशा झडत्यांवर झडत्या होतात. शेवटची झाली की मानकरी तोरण तोडतो, बैल उधळतात, माणसं त्यांच्यामागे पळतात, आणि पोळा फुटला असं म्हणतात. "सरपंचाच्या घरी तुपाची घागर, आमच्या बैलाले कोरडी भाकर" ही नत्थुजींची झडती ऐकून त्या वर्षीचे सरपंच पोळा फुटायच्या आधीच घरी निघून गेले होते. सांगायचा मुद्दा, माणसाला यमकातलं कळत होतं.

पण सध्या या यमकवाल्या माणसावर अकोल्यात मोठा अन्याय झाला होता. शेत धाकट्याकडे सोपवून ते थोरल्याकडे राहायला आले, ते केवळ नातीसाठी. नात दामिनी चार वर्षांची. रात्री जेवण झालं की ती पलंगावर मधे, नत्थुजी भिंतीच्या बाजूला, आणि हातात पुस्तक. पुस्तक कुठलंही असो, नत्थुजी त्याचं वऱ्हाडी करत. राजा "मले झोप येऊन राह्यली" म्हणे, परी "काहून व?" म्हणून विचारी. दामिनी खिदळत झोपी जाई. मग एक दिवस शाळेतून निरोप आला. दामिनी वर्गात "मले पानी पायजे" म्हणते, तरी घरी तिच्याशी शुद्ध बोलावं ही विनंती.

झालं. प्रणालीनं रात्रीचं वाचन नत्थुजींकडून काढून आपल्या वडिलांकडे दिलं. हे खुशालराव अमरावतीला असत. निवृत्त मुख्याध्यापक. ते रोज व्हिडिओ कॉलवर 'सद्गुणी ससा' नावाचं पुस्तक वाचत आणि प्रत्येक पानानंतर तात्पर्य सांगत. फोन उशीला टेकवून ठेवलेला असे. म्हणजे पलंगावर नत्थुजी जिथं टेकत, नेमक्या त्याच जागी आता त्यांच्या इवायाचं, म्हणजे व्याह्याचं, तोंड दिसे. नत्थुजी बाहेरच्या खोलीत बसून भिंतीकडे बघत आणि ससा दात घासतोय हे ऐकत. त्यांना फार लागलं होतं.

अशात शाळेनं 'आजोबांची गोष्ट' असा कार्यक्रम काढला. बाईंनी मुलांना विचारलं, घरी गोष्ट कोण वाचतं? दामिनी उभी राहून म्हणाली, "माये आबा." बाईंनी नत्थुजींचं नाव लिहून घेतलं. प्रणालीनं कपाळाला हात लावला, पण पोरीनं दिलेलं नाव कापायला तिचा जीव झाला नाही.

"एक करू," ती शेवटी म्हणाली. "शनिवारी सगळं नीट झालं, तर रात्रीचं वाचन पुन्हा तुमचं. नाही झालं, तर बाबाच वाचतील. आणि मग तुम्ही तोंड फुगवून बसायचं नाही."

"मी कधी तोंड फुगवलं?" नत्थुजी तोंड फुगवून म्हणाले.

संध्याकाळी ते दामिनीला घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकान अजहरचं. तिशीतला पोरगा, गोड बोलणारा, आणि पोरं पुस्तकं चाळताना न ओरडणारा, म्हणून त्याच्या दुकानात संध्याकाळी बरीच पोरं जमत. आया तिकडे भाजी घेत आणि पोरं इकडे फुकट चित्रं बघत.

"अजहर," नत्थुजी म्हणाले, "लहान पोट्ट्याईसाठी यमकाचं पुस्तक दाखव. चित्राचं. पन मी पारखून घेईन."

"पारखा ना काका. तुमचंच दुकान हाय."

पारखायची नत्थुजींची रीत सोपी होती. झडती चांगली की वाईट हे कसं ओळखायचं? शेवटचा शब्द म्हणणाऱ्यानं गिळायचा. समोरच्यांच्या तोंडून तो आपोआप आला, तर झडती खरी. नाही आला, तर घरी जाऊन झोपायचं. त्यांनी स्टूल ओढलं, दामिनीला समोर उभं केलं आणि पहिलं पुस्तक उघडलं. ते 'सद्गुणी ससा'च निघालं.

"ससा सकाळी लवकर उठतो, स्वच्छ दात तो रोज..." नत्थुजी थांबले.

दामिनी त्यांच्याकडे पाहत राहिली.

"घासतो," नत्थुजींनीच सांगितलं आणि पुस्तक मिटलं. "उठतो, घासतो. हे यमक हाय का अजहर? मंग त म्हातारा खोकतो, बैल ढकलतो, हे बी कविताच झाली. हे पुस्तक मुकं हाय. दुसरं आन."

दुसरं फार देखणं होतं. चंदेरी कागद, पानभर चांदण्या. "निळ्या नभाच्या नीरव प्रांगणी..." एवढं म्हणेपर्यंत नत्थुजींची जीभ वळली आणि दामिनीला जांभई आली.

"आबा, प्रांगनी म्हंजे काय?"

"मले काय मालूम? मुकं हाय. दुसरं आन."

तिसऱ्यात एक गोरा मुलगा बर्फाचा माणूस करत होता. नत्थुजींनी चित्र बराच वेळ पाहिलं. "आपल्या इथं मे महिन्यात डांबर पाघळते, अन हे पोट्टं बर्फाले टोपी घालून राह्यलं. दुसरं आन."

असं करता करता स्टुलाशेजारी मुक्या पुस्तकांचा ढीग झाला. दुकानातली बाकीची पोरं आपापली चित्रं सोडून जवळ येऊन बसली. अजहरला वाटलं, आज काही विकलं जात नाही. तरी त्यानं वरच्या फळीवरून एक पातळसं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर खिडकीतून मान बाहेर काढलेली बकरी होती आणि तिच्या चेहऱ्यावर तिकीट न काढलेल्या माणसाचा आत्मविश्वास होता.

नत्थुजींनी चष्मा सारखा केला. "बकरी बसली गाडीत, तिकीट लपवलं..."

"दाढीत!" दामिनी ओरडली.

नत्थुजी खुर्चीवरून, म्हणजे स्टुलावरून, अर्धे उठले. पान उलटलं. "कंडक्टर आला, 'तिकीट दाव.' बकरीनं त्याचा खाल्ला..."

चित्रात पाव होता. पोरांनी एका दमात "पाव" म्हटलं.

"ड्रायव्हर ओरडला, 'उतर खाली.' बकरीनं त्याची टोपी..."

"खाल्ली," हे मात्र गल्ल्यावरून आलं. अजहर स्वतःच बोलून बसला होता. मग तो ओशाळून हसला. "काका, हे पुस्तक खरंच बोलते."

"बांध," नत्थुजी म्हणाले. एखादी बैलजोडी पसंत पडल्यावर ते याच आवाजात दोर मागत.

शुक्रवारभर त्यांनी तयारी केली. बकरी त्यांना पाठच झाली, पण त्यांनी शपथ घातल्यासारखं पुस्तकातलंच वाचायचं ठरवलं. 'काहून' नाही, 'मले' नाही, मधे सरपंच नाही. प्रणालीनं त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा ती हसली. तिसऱ्यांदा वाचताना शेवटचा शब्द तिच्याच तोंडून निसटला. नत्थुजींनी मिशीवर बोट फिरवलं. रात्रीची पलंगावरची जागा त्यांना दिसायला लागली.

शनिवारी खुशालराव अमरावतीहून पहिल्या गाडीनं हजर. परीटघडीचं धोतर, बगलेत 'सद्गुणी ससा'.

"नत्थुजी, सहजच आलो," ते म्हणाले. "ऐन वेळी काही अडचण आली, तर माझी तयारी असावी, एवढंच."

"अडचन कायची?"

"तसं नव्हे. वाचन हा संस्काराचा विषय आहे. शब्द स्वच्छ पडला पाहिजे. तुमची भाषा रांगडी, गोड आहे, पण मुलांच्या कानांना..."

"इवाई," नत्थुजी म्हणाले, "तुमी मूळचे शेंदूरजनाघाटचे ना? का लंडनचे?"

खुशालरावांनी धोतराची घडी सारखी केली. अमरावतीत स्थायिक झाल्यापासून आपण शेंदूरजनाघाटचे असल्याचं ते फक्त संत्र्यांच्या हंगामात सांगत.

शाळा छोटीशी, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. दारावर मुलांनी केलेलं रंगीत कागदांचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण. आत सतरंजीवर बालवाडीची झाडून सारी पोरं, मागं खुर्च्यांवर पालक. मुख्याध्यापिका आरती मॅडम मूळच्या बाळापूरच्या, पण बालशिक्षणाचा कोर्स पुण्यात करून आलेल्या. तेव्हापासून त्यांचं बोलणं इस्त्री केल्यासारखं झालं होतं. जागा नव्हती म्हणून खुशालरावांना दाराशी, तोरणाखाली खुर्ची दिली. ती त्यांना पसंत पडली. तिथून नत्थुजी तोंडघशी पडताना नीट दिसणार होते.

"मुलांनो," आरती मॅडम म्हणाल्या, "आजोबा वाचताना आपण काय करायचं? फिंगर ऑन युअर लिप्स. पिन पडली तरी ऐकू आली पाहिजे."

साऱ्या पोरांनी ओठांवर बोट ठेवलं. तोंड बंद ठेवून झडती ऐकणारा गाव नत्थुजींनी आजवर पाहिला नव्हता.

त्यांनी घसा साफ केला आणि अगदी बातम्या देणाऱ्याच्या आवाजात सुरुवात केली. "बकरी बसली गाडीत, तिकीट लपवलं..."

थांबले. कुणी बोललं नाही. पंखा फिरत होता. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं दुसऱ्या हाताचं बोटही ओठांवर ठेवलं, उगाच धोका नको म्हणून.

"दाढीत," नत्थुजी स्वतःच म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच 'सद्गुणी ससा'सारखा वाटला. "कंडक्टर आला, 'तिकीट दाव.' बकरीनं त्याचा खाल्ला..."

शांतता. मागं कुणीतरी मोबाईल सावरला. प्रणाली आपल्या चपलांकडे पाहत होती. दाराशी खुशालरावांनी 'सद्गुणी ससा' बगलेतून काढून मांडीवर घेतला आणि पहिलं पान उघडून ठेवलं. नत्थुजींना पलंगावरची उशी दिसली आणि उशीला टेकवलेला फोन दिसला. मग त्यांची नजर दुसऱ्या रांगेत गेली. दामिनी बोट ओठांवर दाबून बसली होती. गाल फुगले होते, डोळे मोठे झाले होते, आणि आतला शब्द बाहेर यायला धडपडत होता. तिच्यानं राहवलं नाही.

"पाव!"

"दामिनी," आरती मॅडम म्हणाल्या, "बोट कुठे आहे आपलं?"

दामिनीनं बोट पुन्हा ओठांवर ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं.

मग मात्र नत्थुजींचं डोकं फिरलं. आपल्याला काय बोलायचं ते बोला, पण बरोबर शब्द सांगितला म्हणून पोरीला गप्प बसवता? त्यांनी पुस्तक मिटून खुर्चीवर ठेवलं. चष्मा काढून खिशात घातला. उभे राहिले. प्रणालीनं ते पाहिलं आणि "मामाजी, नका" असं नुसते ओठ हलवून म्हणाली. पण नत्थुजींचा उजवा हात तोवर कानावर गेला होता.

"ड्रायव्हर ओरडला, उतर खाली! बकरीनं त्याची टोपी खाल्लीऽऽऽ"

त्या आवाजानं खिडकीची तावदानं थरथरली. आणि तेवढ्यात मागून, पाण्याच्या पिंपाजवळून, तितकाच दणदणीत आवाज आला, "हर बोला हर हर महादेव!"

ती जाईबाई होती, शाळेची मदतनीस. पोरांसाठी ग्लास विसळत होती. तिचं लक्षही नव्हतं. पण झडतीच्या चालीत दोन ओळी कानावर पडल्या की पुढचं म्हणायचं, हे तिच्या जिभेला लहानपणापासून माहीत. म्हणून झाल्यावर तिनं जीभ चावली, पण आता उशीर झाला होता. कारण तान्हा पोळा होऊन आठवडाही उलटला नव्हता. याच पोरांनी आपले लाकडी नंदी घेऊन चौकातल्या मारुतीसमोर रांग लावली होती, झडत्या ऐकल्या होत्या, खाऊ खाल्ला होता. त्यांची बोटं ओठांवरून पटापट खाली आली.

"पाव पचला, टोपी पचली, कंडक्टरची शिट्टी वाचलीऽऽऽ"

"हर बोला हर हर महादेव!" या वेळी सारी पोरं, आणि अर्धे पालकसुद्धा.

"मुलांनो, बोट," आरती मॅडम म्हणाल्या. ते कुणाला ऐकू आलं नाही.

"शिट्टी गिळली गटकन, गाडी थांबली झटकनऽऽऽ"

"हर बोला हर हर महादेव!" पोरं उभी राहिली होती. ज्यांना पुस्तक ठाऊकच नव्हतं तीही 'झटकन' नत्थुजींच्या आधी म्हणाली. नत्थुजींचे डोळे भरून आले. असं बोलकं पुस्तक अख्ख्या अकोल्यात दुसरं नव्हतं आणि ते आपण निवडलं होतं. त्यांनी छाती भरून घेतली आणि शेवटची झडती सोडली.

"बकरी हसली पोटातून, शिट्टी वाजली ओठातूनऽऽऽ"

"हर बोला हर हर महादेव!"

इथवर जे झालं ते सावरता आलं असतं. पोरांना खाली बसवता आलं असतं, नत्थुजींना पाणी देता आलं असतं. पण दारात, तोरणाखाली, खुशालराव बसले होते. आणि एक गोष्ट नत्थुजींना ठाऊक नव्हती, प्रणालीला ठाऊक नव्हती, बहुधा खुद्द खुशालरावही विसरले होते. शेंदूरजनाघाटला पोळ्याचं तोरण तोडायचा मान त्यांच्या घराण्याचा होता. तरुणपणी तो त्यांनीच चालवला होता.

शेवटची झडती झाली. खुशालराव खुर्चीवरून ताडकन उठले, 'सद्गुणी ससा' दूर जाऊन पडला, धोतराचा सोगा त्यांनी डाव्या हातानं खोचला, उजवा हात वर गेला आणि एका हिसक्यात तोरण तुटलं.

"फुटला रे पोयाऽऽऽ फुटला!" निवृत्त मुख्याध्यापक गरजले.

मग पोळा फुटला.

पोरं एकदम दाराकडे सुटली. चपला राहिल्या, डबे राहिले, एकाची चड्डी जवळजवळ राहिली. अंगणातून फाटकाबाहेर, फाटकातून गल्लीत, गल्लीतून चौकाकडे. सगळ्यांत पुढं खुशालराव होते. ते पळत का होते हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तोरण तोडलेला माणूस थांबत नसतो, एवढंच.

"अवं जाईबाई, फाटक लाव ना व!" आरती मॅडम ओरडल्या. "माये पोट्टे गेले न व सारे!"

पुण्याची इस्त्री पार मोडली होती. जाईबाईनं फाटक लावलं खरं, पण तोवर आत फक्त पालक उरले होते. पालकांना बाहेर जाता येईना. त्यांनी आरडाओरड केल्यावर तिनं ते पुन्हा उघडलं.

गल्लीत रिक्षा थांबल्या. कचोरीवाल्यानं आपली गाडी ओढून भिंतीला लावली. एका म्हाताऱ्यानं ओट्यावरून विचारलं, "आज कोनता पोया हाय बावा?" आणि उत्तराची वाट न पाहता तोही काठी घेऊन निघाला. प्रणाली पळत होती, नत्थुजी तिच्यामागे पळत होते, आणि पळता पळता म्हणत होते, "मी पुस्तकातलंच वाचलं. एक शब्द आपला घातला नाई. तू ऐकलं ना?"

प्रणालीनं पळायचा वेग वाढवला. तिला धाप लागली होती आणि राग आला होता.

सगळी वरात चौकातल्या मारुतीपाशी पोचली, तेव्हा आरती मॅडमचं रडणं घशापर्यंत आलं होतं. समोर पाहिलं तर पोरं रांगेत उभी. एकामागे एक, खांद्यावर हात, जरासुद्धा धक्काबुक्की नाही. वर्षभर शाळेत शिट्ट्या फुंकून जी रांग जमली नव्हती, ती मारुतीपुढे आपोआप लागली होती. तान्ह्या पोळ्याला रांग लावली की खाऊ मिळतो, हे पोरांना पक्कं ठाऊक होतं. आणि मिळतही होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं रांग पाहिली, हा काय प्रकार म्हणून विचारलंही नाही, सरळ बिस्किटांचे पुडे फोडून वाटायला लागला. रांगेच्या तोंडाशी खुशालराव धापा टाकत उभे होते आणि त्यांच्या हातात बिस्किट होतं.

जाईबाईनं पोरं मोजली. मग पुन्हा मोजली. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "एक जास्तच भरून राह्यलं." ते दुकानदाराचं होतं.

पोरं बिस्किटं खाता खाता बकरी म्हणत होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, क्रमानं, एकही शब्द न चुकता. पुस्तक तिकडे शाळेत खुर्चीवर पडलं होतं.

नत्थुजींनी आरती मॅडमकडे विजयी नजरेनं पाहिलं. "पाह्यलं? एका वाचनात पाठ. हे पुस्तक त..."

"दिवाळीपर्यंत," आरती मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शाळेच्या फाटकाच्या आत यायचं नाही." मग खुशालरावांच्या हातातल्या बिस्किटाकडे बोट दाखवलं. "आणि हे आजोबा पण."

"तोरन मी तोडलं नाई," नत्थुजी म्हणाले.

खुशालरावांनी बिस्किट खाली केलं. "हात आपोआप गेला," ते म्हणाले. मग हळूच पुढं म्हणाले, "आमच्याकडे मान होता ना तो."

इतक्या वर्षांत इवायाचं एक वाक्य नत्थुजींना पहिल्यांदाच आवडलं होतं.

घरी येताना रिक्षात प्रणाली मधे बसली होती, म्हणजे दोघांना एकमेकांशी बोलता येऊ नये. "नीट झालं का?" तिनं विचारलं.

"पुस्तक नीट होतं," नत्थुजी म्हणाले.

"मी पुस्तकाचं नाही विचारत."

"पोट्टे बोलले. मुकं ठेवायचं होतं त मले बोलावलं काहून? अन माया पोट्टीनं बरोबर शब्द सांगितला त तिले चूप करते? उद्या पुन्हा बोलावलं त पुन्हा हेच करीन."

"म्हणजे नाही झालं," प्रणाली म्हणाली. "बोलणं काय झालं होतं आपलं? आता बाबा वाचतील." मग तिचं लक्ष वडिलांच्या धोतराकडे गेलं. सोगा अजूनही खोचलेला होता. "नाही. बाबाही नाही. दोघंही नाही. काय पळत होते तुम्ही बाबा, काही वय-बिय पाहाल की नाही?"

खुशालराव रिक्षाबाहेर बघू लागले. त्यांचा खांदा दुखत होता, म्हणून ते त्या रात्री लेकीकडेच राहिले.

जेवणं झाली. दामिनी पलंगावर जाऊन बसली. दोन्ही आजोबा दारात उभे होते. आत यायची परवानगी नव्हती आणि जायचं मन नव्हतं. दामिनीनं दोघांकडे पाहिलं, मग जाईबाईनं चपला-डब्यांबरोबर परत दिलेलं बकरीचं पुस्तक उशीखालून काढलं.

"या," ती थेट आबांच्या थाटात म्हणाली. "बसा. मी वाचतो."

तिला वाचता येत नव्हतं. पुस्तकही उलटं धरलं होतं, बकरीचे पाय वर होते. प्रणालीनं दारातून ते पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. दोघं आजोबा पलंगाच्या दोन टोकांना गुपचूप टेकले.

"फिंगर ऑन युअर लिप्स," दामिनीनं आधी सांगितलं. दोघांनी बोट ओठांवर ठेवलं. "आता बोट काढा. मी थांबलो का तुमी बोलायचं. बकरी बसली गाडीत, तिकीट लपवलं..."

"दाढीत," दोघं म्हणाले.

"हळू. घाई करू नका," दामिनी म्हणाली. तिनं पान उलटलं, चष्मा नसताना चष्मा सारखा केला, आणि घसा खाकरला. अगदी नत्थुजी खाकरत तसा. पाव झाला, टोपी झाली, शिट्टी गिळून झाली. दरवेळी ती नेमकी शब्दाच्या तोंडाशी थांबे आणि मान तिरपी करून दोघांकडे पाही. थांबायची ती रीत नत्थुजींना चांगली ओळखीची होती. त्यांच्या वडिलांची होती, मग त्यांची झाली, आणि आता ती इथं, अकोल्यात, उलट्या पुस्तकामागे बसली होती.

"बकरी हसली पोटातून, शिट्टी वाजली..." दामिनी थांबली. तिनं नत्थुजींकडेच पाहिलं. "आबा, बोला."

नत्थुजींनी तोंड उघडलं. शब्द येईना. अख्ख्या गावाच्या तोंडून शब्द काढणारा माणूस, एवढासा 'ओठातून' त्याच्या ओठातून निघेना.

दामिनीनं वाट पाहिली. पुरेशी पाहिली. मग पुस्तक मिटलं आणि दाराकडे तोंड करून आईला हाक मारली.

"आई, हा आबा मुका हाय. दुसरा आन."

खुशालराव लगेच सरसावून बसले. "ओठातून," ते म्हणाले. "ओठातून, ओठातून." दामिनीनं आपल्या शेजारची उशी उचलून त्यांच्याकडे दिली.

नत्थुजी उठून बाहेरच्या खोलीत आले आणि बराच वेळ मिशीवर बोट फिरवत बसले. त्यांचं म्हणणं आजही एकच आहे की पुस्तक त्यांनीच निवडलं होतं, आणि त्यात काडीचीही चूक नव्हती.